चकाकी उतरवणारे सर

सरांचा डबा मी चुकून उघडला, तेव्हा मला कॉलेजात रुजू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. स्टाफरूमच्या खिडकीत प्लास्टिकचे दोन निळे डबे शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि त्यातला एक माझा होता. भूक लागलेली, त्यामुळे मी जवळचा उचलला. झाकण काढलं तर आत पोळी नाही, भाजी नाही. पाणी होतं आणि त्या पाण्यात चहाची एक प्लास्टिकची गाळणी बुडवलेली होती. गाळणीत बोटभर लांबीची एक पट्टी, अर्धी लखलखीत आणि अर्धी पिवळट. वास आला तो पाण्याच्या टाकीत औषध टाकतात तसला. मी झाकण तसंच सोडून मागे सरले.

"मॅडम, पाण्याला हात लावलासा न्हाय न्हवं?" मागून आवाज आला.

"नाही. पण हे आहे तरी काय?"

"बंपर," सर म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं, गाळणी जराशी हलवली आणि पुन्हा बुडवली. "अजून चार मिनिटं."

पुढे चार मिनिटं ते त्या डब्याकडे बघत उभे राहिले आणि मी त्यांच्याकडे. हा माणूस आपला रसायनशास्त्राचा विभागप्रमुख आहे, हे मला शिपायानं नंतर सांगितलं. ते सांगताना त्यानं कपाळाला बोट लावून दाखवलं, ते निराळं.

सर निपाणीचे. राहायला बेळगावात, खासबागेत. वर्गात इंग्रजी, ऑफिसात कन्नड आणि स्टाफरूममध्ये अस्सल निपाणीची मराठी, असा त्यांचा तीन खणांचा कारभार. मी गुंजीची, रोज रेल्वेनं यायची आणि मराठी शिकवायची. रसायनशास्त्रातलं मला मिठापलीकडे काही कळत नाही. तरी इतकी वर्षं त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं, म्हणून त्यांच्याबद्दल काही सांगायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालते. त्यांना मी पुरती समजले, असं मात्र म्हणवत नाही.

गाड्यांच्या प्लास्टिकच्या छोट्या प्रतिकृती ते जोडत. खोक्यातून सुटे भाग येतात. टप, दारं, चाकं, काचा असं सगळं एकेक करून जोडायचं. त्यातले बंपर, पुढची जाळी, चाकांच्या वाट्या या भागांवर कारखान्यातूनच आरशासारखा मुलामा चढवलेला असतो. बाकीचं जग त्या मुलाम्यासाठी खोकं विकत घेतं. सर मात्र खोकं आलं की पहिल्याच दिवशी तो उतरवायला बसत. कपडे पांढरे करायच्या औषधाचं पाणी केलं की वरची चकाकी बघता बघता जाते. पण तिच्याखाली पिवळसर लाखेसारखा एक थर असतो आणि तो चिवट. त्याला स्पिरिटमध्ये दोन-दोन दिवस भिजत घालायचं आणि दात घासायच्या ब्रशनं उतरवायचं. औषधाच्या पाण्याजवळ ते कुणाला येऊ देत नसत. "ह्यात संडासचं ॲसिड मिसळलासा तर कॉलेज रिकामं हुईल," असं ते शिपायाला दर सोमवारी बजावत, आणि शिपाई दर सोमवारी कपाळाला बोट लावी.

"पण उतरवायचा कशाला?" मी विचारलं.

"चकाकीवर सांधा बसत न्हाय मॅडम. चिकटवायचं सोल्युशन प्लास्टिकला वितळवतंय, तवा दोन तुकडे एकजीव हुतात. मधी मुलामा आला की कशाला धरायचं त्यानं?"

पटलं. महिनाभरानं पुन्हा विचारलं, तर म्हणाले, साच्याच्या जोडाची रेघ मुलाम्याखाली लपते, ती घासून काढायची असते. तेही पटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मला बघवत न्हाय ती चकाकी." एका माणसाच्या एका कृतीला तीन कारणं, आणि सांगताना चेहरा तिन्ही वेळा सारखाच गंभीर. मी विचारायचं सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच वर्षी कळली होती. गाडी आप्पांसाठी होती. आप्पा म्हणजे सरांचे वडील. ते निपाणीतलं घर सोडून यायला तयार नव्हते, आणि काचबिंदूनं त्यांची नजर थोडी थोडी जात होती. गेलेली नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. "आप्पांना दिसतंय तवर एक गाडी नीट व्हाय पायजे," एवढं एकच वाक्य सर कधी बदलत नसत.

त्यांच्या या उतरवण्याची लागण फक्त गाड्यांना झाली असती तर मी समजू शकले असते. पण नव्या पंख्यावरची चमकती पट्टी, पेनाचं सोनेरी टोपण, कुणाच्या तरी लग्नात मिळालेली रुपेरी अत्तरदाणी, काही सुटत नसे. एका शिक्षकदिनाला कॉलेजनं त्यांना सोनेरी कप दिला. हार, भाषण, टाळ्या, सगळं रीतसर झालं. सोमवारी तो कप स्टाफरूमच्या कपाटावर आला, तो ताकाच्या रंगाचा होऊन. कप मुळात प्लास्टिकचाच होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाही बघायचं नव्हतं.

"एन सर इदु?" हे काय आहे म्हणून प्रिन्सिपॉल कन्नडमधून ओरडले आणि मग राग मावेना म्हणून मराठीत आले. "पाहुण्यांच्या हातनं दिलेला कप! त्याचं काय केलासा हे?"

"कप त्योच हाय की सर. आता दिसाय लागलाय, एवढंच."

प्रिन्सिपॉल आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. सरांना ते चौथ्या दिवशी कळलं, तेही मी सांगितलं म्हणून. मी वर्गात 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' या म्हणीवर मुलांकडून कल्पनाविस्तार लिहून घेत असे. त्यावरही सरांचं म्हणणं होतंच. "म्हण अर्धी हाय मॅडम. फसतंय हे सांगितलासा, खरवडून बघा हे कोण सांगणार?" माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं होतं, मुलगा दिसायला देखणा, बोलायला गोड. मी कौतुकानं फोटो दाखवला. सरांनी तो उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि परत दिला. "सांधा कुठं बसणार ते बघा," म्हणाले. मला इतका राग आला की दोन दिवस मी टेबल चार बोटं लांब सरकवून बसले. बहिणीचं लग्न तिथंच झालं आणि छान चाललंय. हेही त्यांना ऐकवून झालं. "मग बसला म्हणायचा सांधा," असं म्हणून ते पुन्हा ब्रश चालवायला लागले.

खासबागेतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहिनींनी दारातच गाऱ्हाणं घातलं. घरात चहाची गाळणी टिकत नाही, पाहुणे आले की चहा फडक्यानं गाळावा लागतो. आत शोकेसमध्ये मधोमध मातीची, बिनरंगाची बुद्धाची मूर्ती होती आणि दोन्ही बाजूंना गाड्या. मी मोजल्या. सात. सातही एकाच घडणीच्या. लांबच लांब, हिरव्या, जुन्या परदेशी बनावटीच्या, आणि सातही गाड्यांचे बंपर राखाडी.

"सात गाड्या झाल्या, मग आप्पांना दिली का नाही एकही?"

"हिचा रंग एका जागी जाड बसलाय," सर म्हणाले. "हिच्या दाराला फट राहिलीया. ही बरी हाय, पर चाक जरा तिरकं."

मी डोळ्याला लावून बघितलं. फट दिसली नाही, तिरकं चाक दिसलं नाही. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगा की त्यांना. गाडी द्यायची म्हटली की आप्पांच्या म्होरं बसाय लागतंय."

तेव्हा सरांनी जे सांगितलं, ते त्यांनी माझ्याकडे न बघता, एका गाडीचा टप रुमालानं झटकत सांगितलं.

आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. वखारीच्या मालकानं परदेशी गाडी घेतली आणि ती धुण्यापुसण्याचं काम आप्पांच्या अंगावर आलं. सकाळी वखार उघडायच्या आधी ते गाडी धुवायचे, बंपरला रॉकेलचा बोळा फिरवायचे आणि मग कोरड्या धोतराच्या तुकड्यानं तासभर घासायचे. अशी वीस वर्षं. आम्ही पुसलेली गाडी मालकाला चालायची, आम्ही बसलेली चालली नसती, असं सर म्हणाले. आप्पा त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लहानगे सर आप्पांबरोबर गेले होते. बंपर एवढा घासलेला की त्यात आभाळ दिसत होतं. त्यांनी हात लावला. पाच बोटं उमटली. आणि त्यांच्या कानाखाली एक बसली.

"मालकाची?" मी विचारलं.

"मालकाचं काय एवढं, मॅडम? त्यो तितं नव्हताच. आप्पांनी मारलं." त्यांनी गाडी जागेवर ठेवली. "सवताच्या पोरापरास ती चकाकी मोठी. म्हटलं, आपल्या गाडीला पुसाय काय ठेवायचंच न्हाय. आप्पांच्या हातात अशी द्यायची. बघा म्हणायचं, आता हात लावा, काय बी हुत न्हाय."

इतकी वर्षं आम्ही सगळे ज्याला वेड म्हणत होतो, ते एका थपडेला दिलेलं उत्तर होतं. उत्तर मात्र अजून पोचवलेलं नव्हतं आणि ज्यांना द्यायचं त्यांची नजर संपत चालली होती. मी जरा अधिकारानंच म्हटलं, "सर, तिरकं चाक त्यांना दिसणारही नाही. द्या आता." माझा हा शहाणपणा पुढे मला फार बोचला.

पुढच्याच महिन्यात आप्पांना डोळे दाखवायला बेळगावात आणलं. सरांनी मला बोलावलं. एकट्यानं धीर होईना, हे ते बोलले नाहीत, पण मी गेले. आप्पा हॉलमध्ये खुर्चीवर ताठ बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला पटका, चष्म्याच्या काचांमागे मोठे दिसणारे डोळे. सरांनी सातांपैकी सर्वांत चांगली गाडी त्यांच्या हातात दिली.

"वळखा बघू, आप्पा."

आप्पांनी ती नाकाशी धरली. टपावरून बोट फिरवलं, मागच्या पंखांसारख्या कडांवरून फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मालकांची गाडी! रंग त्योच. चाकं तीच. कुठनं आणलास रं ही?" मग ती समोरून धरली, वळवली, पुन्हा धरली. "पर बंपर लावाय इसरलास बाळ."

"लावलोय की आप्पा. हाताला बघा."

आप्पांनी चाचपलं. "व्हय, हाय. पर मेलंय हे." आणि त्यांनी सवयीनं धोतराचा सोगा उचलला, बंपरवर तोंडाची वाफ सोडली आणि छोट्या छोट्या गोल फेऱ्यांनी घासायला लागले.

"पुसू नका आप्पा. चकाकी मी मुद्दाम घालवलोय."

"कशापायी?"

"तुमी लई वर्सं पुसलासा म्हणून."

आप्पांचा हात थांबला.

"मी पुसलो म्हणून घालवलास व्हय?" आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आरं, गाडी मालकाची हुती. पेट्रोल मालकाचं, डायवर मालकाचा. ती चकाकी तेवढी माझी हुती. पार कोल्हापुरापतुर गाडी गेली तर मानसं इच्यारायची, कोण पुसतंय रं ही? माझंच तेवढं काढून टाकलास की."

सर म्हणाले, "मग मला मारलासा का तवा? मी हात लावलतो तवा?"

"कवा?"

"दसऱ्याच्या आदल्या दिशी."

आप्पा बराच वेळ आठवत राहिले, किंवा तसं मला वाटलं. "मला न्हाय बा आठवत," ते म्हणाले आणि गाडी त्यांनी टीपॉयवर ठेवली.

परतताना पहिल्यांदा माझ्या मनात आलं, ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. परतीच्या रेल्वेत बसले आणि त्याची लाज वाटली. सरांचं चुकलं होतं का? नाही. आप्पांचं? तेही नाही. त्या घरात दोघांनाही एकाच बंपरनं दुखावलं होतं आणि दोघांचं दुखणं अगदी उलट होतं. मी मराठीची बाई, मला कुठल्याही गोष्टीचं तात्पर्य काढायची सवय. इथे निघेना. आजही निघत नाही.

त्यानंतरचे सर मी पाहिले ते फार केविलवाणे. उतरलेला मुलामा घरी परत चढवता येत नाही, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी ते चढवायला बघत. रुपेरी रंगाचे डबे झाले, स्वयंपाकाचा चमकता कागद चिकटवून झाला. एकेक नमुना माझ्या टेबलावर ठेवून विचारायचे, "मॅडम, हे चकाकतंय काय?" मी हो म्हटलं तरी माझ्या तोंडाकडे बघून उचलून न्यायचे. प्रिन्सिपॉलांनी एकदा थट्टेनं विचारलं की आमचा कप परत सोनेरी होईल का. सर हसले नाहीत. "न्हाय हुत सर," म्हणाले, "तेच तर." मला सरांची खरंच दया आली.

शेवटी त्यांनी आठवं खोकं मागवलं. ते यायला पाच महिने लागले. तोवर आप्पांना उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं होतं. डब्यात पाणी केलं नाही, ब्रश काढला नाही. हातात सुती मोजे घालून सरांनी बंपर बाजूला घेतला आणि जिथं तो गाडीला टेकणार, तेवढ्याच दोन तिळाएवढ्या जागा पात्यानं खरवडल्या. बाकी सगळा मुलामा जसाच्या तसा. मी शेजारी बसून बघत होते. इतकी वर्षं हे जमण्यासारखं होतं तर, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

एका रविवारी आम्ही निपाणीला गेलो. सर, वहिनी आणि मी. आप्पा घरासमोरच्या कट्ट्यावर उन्हाला बसले होते. सरांनी मोजे घातलेल्या हातांनी गाडी खोक्यातून काढली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली. आप्पांनी नुसतीच धरली. त्यांची नजर तिच्यावरून समोरच्या रस्त्याकडे गेली. काहीच दिसत नव्हतं त्यांना. उशीर झाला, असं मला वाटलं. सर खाली गुडघ्यावर बसले. त्यांनी गाडीचं तोंड हळूहळू उन्हाकडे वळवलं.

"हितं!" आप्पा म्हणाले. त्यांनी बोट नेमकं बंपरपाशी नेलं. "हितं चकाकलं. हलीव बघू परत."

सरांनी पुन्हा हलवलं. बंपरवरून ऊन सरकत होतं आणि आप्पांचं तोंड त्याच्या मागोमाग वळत होतं. गाडीचा हिरवा रंग नाही, चाकं नाहीत, एवढी एकच गोष्ट त्यांना दिसत होती. वहिनी पदर डोळ्याला लावून घरात गेल्या. मला जायचं सुचलं नाही.

पुढचं मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलंय. आप्पांना ती थप्पड खरोखर आठवत नव्हती की आठवत असून त्या दिवशी त्यांनी नाही म्हटलं होतं, हे मला ठरवता येत नाही. सरांनाही विचारून पाहिलं. ते म्हणाले, मी इच्यारलो न्हाय.

आप्पांनी चाचपत सरांचा हात धरला. बोटांना कापड लागलं तसे ते थबकले.

"हातात काय घातलास हे?"

"मोजे हायत आप्पा. डाग पडंल म्हणून."

"काढ."

सरांनी मोजा काढला. आप्पांनी त्यांचं बोट लहान पोराचं धरावं तसं मुठीत धरलं आणि बंपरच्या दिशेनं ओढलं. सरांचा हात येईना. पन्नाशी उलटलेला, विभागाचा प्रमुख असलेला माणूस, हात मागे घेत होता.

"आप्पा, नको. डाग पडंल."

"पडू दे," आप्पा म्हणाले आणि बोट त्यांनी बंपरवर दाबलं. "पुसाय मी हाय की."